मास्तर गेले, देऊळ राहिलं

आमच्या गावच्या देवळाला घंटा नव्हती. देऊळ म्हणजे चर्च. शहरातले लोक चर्च म्हणतात, आमच्याकडची जुनी माणसं देऊळच म्हणतात. दगडी भिंतींची, मंगलोरी कौलांची एक लांबट खोली, पुढं निंबाचं झाड आणि निंबाला तारेनं बांधलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. तो कुणी आणला, कुठून आणला, ते माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. रविवारी सकाळी दादा लोखंडी गजानं त्याच्यावर तीनदा ठोके द्यायचे. पहिले ठोके आंघोळी उरकायला, दुसरे घरातून निघायला आणि तिसरे उपासना सुरू झाली म्हणून. गावातल्या इतर आळ्यांनाही त्याची सवय होती. मळ्यात जाणारी माणसं म्हणायची, "मास्तरांचा रूळ वाजला, भाकरी बांधा."

दादा मिशनच्या शाळेत मास्तर होते. शाळा आणि देऊळ एकाच खोलीत. सोमवार ते शनिवार भिंतीला काळा फळा, रविवारी तोच फळा उलटा करून ठेवायचा आणि पुढं टेबलावर पांढरं कापड अंथरायचं. टेबलही तेच. आठवडाभर ज्यावर छडी आणि हजेरीपत्रक, त्याच्यावर रविवारी पवित्र शास्त्र आणि उपासनासंगीताचं पुस्तक. लहानपणी मला वाटायचं, देवाला फक्त रविवारी सुट्टी नसते.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, वडाळा बहिरोबापासून फार लांब नाही. जिल्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 साली मुंबईत उतरली आणि 1831 साली त्यांनी नगरला ठाणं केलं. पुढं राहुरी, वडाळा अशी खेड्यांकडची ठाणी झाली. वडाळ्याला फेअरबँक घराण्यातल्या बापलेकांनी बरीच वर्षं काम केलं. आमच्या पणजोबांच्या तोंडी 'फेरबँकसायब' हे नाव घरच्या माणसासारखं असायचं, असं दादा सांगत.

ह्या साहेबांनी खेड्यात येऊन आधी चर्च बांधलं नाही, शाळा काढली. आमच्या लोकांना त्या काळी गावच्या शाळेत पाय ठेवता येत नव्हता. आम्ही महारवाड्यातले, पलीकडं मांगवाडा. दोन्हीकडची घरं ख्रिस्ती झाली. गावात अजूनही कुणी कुणी म्हणतं की हे दुष्काळात भाकरीसाठी बाटले. 1876 ते 78 चा दुष्काळ, मग 1896-97 आणि 1899-1900 चे, हे तिन्ही नगर जिल्ह्यानं सोसले. त्यात मिशननं अन्न दिलं, पोरकी पोरं सांभाळली, हे खरं आहे. भाकरी घेतली हे लपवायचं कशाला? पण भाकरीसाठी आलेला माणूस पाऊस पडल्यावर निघून जातो. आमची माणसं दुष्काळ सरल्यावरही राहिली, कारण त्या खोलीत त्यांच्या पोरांच्या हातात पाटी पडली होती आणि कुणीतरी त्यांना नावानं हाक मारली होती. आजी म्हणायची, "भाकर तं सावकार बी देतो. पन मांडीला मांडी लावून कोन बसतंय?"

ही आजी बायबलबाई होती. आजच्या पिढीला हा शब्द ऐकूनही माहीत नसेल. मिशननं ज्या बायकांना थोडंफार वाचायला शिकवलं आणि घरोघरी पाठवलं, त्या बायबलबाया. आजी जात्यावर बसलेल्या बायकांच्या शेजारी बसायची, दळू लागायची आणि दळताना गोष्टी सांगायची. उधळ्या पुत्राची गोष्ट ती अशी सांगायची की बायकांना वाटावं, हा पोरगा शेजारच्याच गावचा आहे आणि मुंबईला गिरणीत पळून गेला होता. तिला लिहायला फारसं यायचं नाही, पण पाठ खूप होतं. स्तोत्रं, गीतं, बाप्तिस्म्याचा आणि मातीचा विधी, सगळं ऐकून ऐकून पाठ. आपलं हे धन तिनं लेकीला, म्हणजे माझ्या आत्याला दिलं. आत्या शाळेत दुसरीपर्यंतच गेली. तिच्याबद्दल पुढं सांगायचंच आहे.

तेव्हा मंडळी चालायची ती अशी. मास्तर, बायबलबाई आणि वर्षातून दोनदा येणारे कीर्तनकार. पाळकसाहेब कधीमधी घोड्यावरून किंवा छकड्यातून यायचे, प्रभुभोजन द्यायचे, बाप्तिस्मे, लग्नं लावायचे, जायचे. ते आले की आनंद व्हायचा, नाही आले तर अडायचं नाही.

कीर्तनाची हकीकत सांगायलाच हवी. पहिल्या काळातली ख्रिस्ती गीतं मराठी शब्दांची पण विलायती चालींची होती. आमची माणसं ती म्हणायची, पण घशातून म्हणायची, पोटातून नाही. नगरकडचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, वीणा, सगळं आपलं, कथा तेवढी ख्रिस्ताची. पुढं नारायण वामन टिळक आले. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी आमच्या नगरला आला, राहुरीला राहिला. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, आणि आमच्या अडाणी बायकांच्या तोंडी ती गाणी अशी बसली की जणू जन्मापासूनची. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुष्कळांनी वाचलेली असतात. त्यातलं नगर-राहुरीकडचं जग म्हणजे आमच्या आजीचं जग.

आता एक जुनी गोष्ट. बॉस्टनला ह्या मिशनचे एक सेक्रेटरी होते, रूफस अँडरसन. ते 1854-55 च्या हंगामात मुंबई-नगरकडं पाहणीला आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की परदेशी माणसानं कायम बसून राहू नये. गावोगाव छोट्या मंडळ्या व्हाव्यात, तिथलेच पाळक असावेत आणि मंडळीनं आपला खर्च आपण करावा, आपला कारभार आपण करावा, आपला प्रसार आपण करावा. त्याच सुमारास नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा झाली.

म्हणजे आपल्या पायावर उभं राहायची गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वीच ठरली होती. पण ठरणं वेगळं आणि होणं वेगळं. मास्तरचा पगार मिशनचा होता. बायबलबाईचा पगार मिशनचा, कौलं मिशनची, टेबल मिशनचं. आमची माणसं दुसऱ्याच्या बांधावर राबणारी, त्यांच्या गाठीला देण्यासारखं होतं तरी काय? साहेब देत गेले, आम्ही घेत गेलो. कुणाचं वाईट करावं म्हणून कुणी केलं नाही. टिळकांना मात्र ह्यातली मेख कळली असावी. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. पण 1919 च्या मे महिन्यात ते वारले आणि ते काम वाढायच्या आतच थांबलं.

स्वातंत्र्य आलं. साहेबलोक हळूहळू परतले. खेड्यातल्या मिशनशाळा एकेक करून बंद झाल्या किंवा सरकारी शाळांत मिळाल्या. आमची शाळा 1961 साली बंद झाली. दादा बोर्डाच्या शाळेत लागले, पुढं ती जिल्हा परिषदेची झाली. बदली शेवगाव तालुक्यात. तरीही शनिवारी दुपारी ते सायकलवर टांग मारायचे, रात्री घरी यायचे आणि रविवारी सकाळी रूळ वाजवायचे. ह्या कामाचा त्यांना पैसा मिळत नव्हता. आई कधी कधी चिडायची, "सहा दिवस बाहेर आन् सातवा देवळात, मंग घरी कवा?" दादा हसायचे. पण सायकलचा हँडल पुसायचे तेव्हा मी बघितलंय, त्यांचे हात थकलेले असायचे.

त्या काळात आमच्या माणसांवर आणखी एक गोष्ट आली. 1950 साली अनुसूचित जातींचा जो राष्ट्रपतींचा आदेश निघाला, त्यात हिंदू सोडून इतरांना सवलत नव्हती. 1956 साली शिखांना मिळाली, 1990 साली बौद्धांना मिळाली, ख्रिस्ती बाहेरच राहिले. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि आमच्या भाऊबंदांतली पुष्कळ घरं बौद्ध झाली. एका आजोबांची नातवंडं, निम्मी विहारात, निम्मी देवळात. शाळेच्या दाखल्यावर एक जात, मंडळीच्या वहीत दुसरं नाव, असंही काही घरांत झालं. पोराला नोकरी लागायची तर बापानं काय करावं? मी कुणाला बोल लावत नाही. पण ज्याचं नाव दोन वह्यांत दोन तऱ्हेचं असतं, तो माणूस देवळात पुढं येऊन बसत नाही, दाराजवळ बसतो.

1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं काही परत आली, काही पुण्या-मुंबईकडं गेली ती गेलीच. मीही त्यातलाच. नोकरी लागली, नगरला बिऱ्हाड केलं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरांची मंडळं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा दादांनी देवळात ते मोठ्या आनंदानं सांगितलं होतं. आत्यानं विचारलं होतं, "मंग आपल्या देवळात काय बदलंल?" दादा म्हणाले, "नाव." ते सहज बोलले, टोमणा नव्हता. खेड्यातल्या देवळात मोठ्या घटना उशिरा पोचतात, आणि पोचतात तेव्हा पाटीच्या रूपानं पोचतात.

1984 साली दादा गेले. त्यानंतर रूळ वाजेना.

म्हणजे देऊळ बंद पडलं असं नाही. पाळकसाहेब होते, पण एकट्याकडं नऊ गावं. महिन्यातून एकदा आमची पाळी. त्या रविवारी दहा-बारा माणसं जमायची, साहेबांना उशीर झाला की उठून जायची. बाकीचे तीन रविवार कुलूप. कौलं फुटली, एका कोपऱ्यात मधमाश्यांनी पोळं केलं. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेला आमचीही माणसं ट्रक भरून जायची, नाताळला नगरला जायची. गर्दीत देव सापडायचा, गावात नाही. कुणी विचारलं, "देऊळ का उघडत नाही?" तर एकच उत्तर, "पाळकसाहेब आले न्हाईत."

आणि आता मी माझा गुन्हा कबूल करतो. 2007 च्या दिवाळीत मी गावी गेलो होतो. भावकी बसली होती. मीच बोललो, शिकलेला म्हणून. म्हटलं, एकोणीस घरं आहेत, त्यातली अर्धी बाहेर. कशाला ओढायचं? कुलूप लावा, मोठ्या गावच्या मंडळीत नावं घाला, तिथं पाळक राहतात, व्यवस्थित उपासना होते. माझं बोलणं हिशेबाला धरून होतं. कुणी विरोध केला नाही. आत्या कोपऱ्यात शेंगा फोडत होती. ती एवढंच म्हणाली, "आन् आमी मेल्यावर?" सगळे हसले. मीही हसलो.

2008 च्या ऑगस्टात आई गेली.

रात्री अकराच्या सुमाराला फोन आला. आम्ही पहाटे गावी पोचलो. रात्रभर पाऊस. काळी माती, गाडी वेशीपासून चालत न्यावी लागली, म्हणजे आम्हीच चालत गेलो. पाळकसाहेबांना फोन लावला. ते सोलापूरकडं नातलगाच्या मयतीला गेले होते. बिचारे फोनवर कळवळले. संध्याकाळपर्यंत पोचतो म्हणाले, पण ओढ्याला पाणी वाढत होतं. शेजारच्या मंडळीचे पाळक आजारी. दुपारचे बारा वाजले. पाऊस थोडा उघडला होता, पुन्हा भरून येत होता. दफनभूमीत खड्डा खणून झाला होता आणि त्यात पाणी साचत होतं. दोन पोरं बादलीनं उपसत होती.

माझा थोरला भाऊ माझ्याकडं बघत होता. मी पदवीधर, हायस्कूलचा शिक्षक, मास्तरांचा मुलगा. सगळे माझ्याकडं बघत होते. मी पुस्तक उघडलं. हात असे थरथरले की पान सापडेना. जो माणूस वर्षानुवर्षं देवळात गेलेला नाही, त्यानं काय वाचायचं?

तेव्हा आत्या उठली. सत्तरीच्या पुढची, पाठीत वाकलेली. म्हणाली, "मी म्हनते."

भावकीतले एक म्हातारे पुढं झाले. "बाईमानसानं माती द्यायची? कुडं ऱ्हायलीय रीत?"

आत्या त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "माती तुमीच द्या, दादा. मी नुसतं बोलते. पानी भरतंय खड्ड्यात, दिसना का?"

आणि ती बोलू लागली. तेविसावं स्तोत्र, मग करिंथकरांस पत्रातला पुनरुत्थानाचा भाग, मग दफनाचा विधी, एक शब्द न चुकता. मधेच ती थांबली आणि विधीच्या पुस्तकात नसलेलं थोडं स्वतःचं बोलली. माझी आई सून म्हणून ह्या घरी आली तेव्हा तिच्या लुगड्याला किती ठिगळं होती, दुष्काळात तिनं आपल्या वाटची भाकरी कुणाकुणाला दिली, ते सगळं. बोलता बोलता देवाला म्हणाली, ही तुझ्याकडं येतीय, हिला बसायला सांग, हिला बसायची सवय नाही. तिथं जमलेल्या बौद्ध भावकीतल्या, मराठ्यांच्या, मुसलमानांच्या बायकाही रडल्या. मी तोपर्यंत रडलो नव्हतो.

त्या दिवशी मला माझ्या दिवाळीतल्या बोलण्याचा अर्थ कळला. मी देवळाला कुलूप लावायला निघालो होतो, आणि देऊळ त्या म्हातारीच्या तोंडात होतं.

तेराव्या दिवसाची रीत आमच्यात नाही, पण माणसं जमतात. पाळकसाहेब आले. तरुण माणूस, तिशीतला. आईच्या मातीला पोचता आलं नाही म्हणून खाली मान घालून बसले होते. आत्याचं ऐकून म्हणाले, "मला वाटायचं मी आलो नाही की तुमचं अडतं. म्हणून मी नऊ गावं पळत होतो, आणि कुठंच पुरत नव्हतो." मग त्यांनीच विचारलं, मी महिन्यातून एकदाच येईन असं धरून चला, बाकीचे तीन रविवार कोण काय करील? आधी कुणी बोलेना. आत्या म्हणाली, "रूळ तर वाजवा आधी."

पुढच्या रविवारी माझ्या पुतण्यानं रूळ वाजवला. चोवीस वर्षांनी. तार गंजली होती, तिसऱ्या ठोक्याला तुकडा खाली पडला. पोरं हसली. नवी तार बांधली.

पाळकसाहेबांनी चौघांना तयार केलं. दर महिन्याला ते आले की शनिवारी संध्याकाळी ह्या चौघांबरोबर बसायचे. पुढच्या तीन रविवारांचे शास्त्रपाठ ठरवायचे, कशावर काय बोलायचं ते सांगायचे, आणि मुख्य म्हणजे ऐकून घ्यायचे. चौघांत एक माझा पुतण्या, ट्रॅक्टर चालवणारा. एक अंगणवाडीची मदतनीस. एक म्हातारे, तेच, ज्यांनी आत्याला अडवलं होतं. आणि चौथी पलीकडच्या आळीतली, पूर्वीच्या मांगवाड्यातल्या घरची सून, बारावी झालेली.

इथं मला जे लिहायचंय ते लिहिताना अजून लाज वाटते. आम्ही ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या होत्या. एका देवळात बसत होतो, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेत होतो. पण महारवाड्यातली घरं पुढं आणि मांगवाड्यातली दाराशी, ही बैठक कधी मोडली नव्हती. कुणी सांगितलेलं नव्हतं, कुणी लिहिलेलं नव्हतं. सोयरीक तर लांबच. ती सून पहिल्यांदा पुढं उभी राहून वाचू लागली, तेव्हा दोन घरं उठून गेली. पाळकसाहेब नव्हते. आत्या होती. तिनं वाचन संपू दिलं, मग हळूच म्हणाली, "परत वाच गं, मला नीट ऐकू नाय आलं." आत्याच्या कानांना काही झालेलं नव्हतं.

मग घरोघरच्या प्रार्थना सुरू झाल्या. दर गुरुवारी एका घरी. पाळी लागली तशी त्या सुनेच्या घराचीही आली. प्रार्थना झाली, चहा आला. माझ्या थोरल्या भावानं कप हातात घेतला. नुसता धरून बसला. मग प्यायला. घरी आल्यावर मला म्हणाला, "दादा असते तर?" मी म्हटलं, "दादांनी पण कधी घेतला नव्हता." तो गप्प झाला. आमचे दादा चांगले होते, पण त्यांच्या चांगुलपणालाही एक दार बंद होतं, आणि ते त्यांच्या मागं उघडलं. उठून गेलेल्या दोन घरांपैकी एक परत आलं. दुसरं अजून आलेलं नाही.

पैशाचं कसं केलं तेही सांगतो, कारण खेड्यातली मंडळी पैशावर अडते आणि लाजेनं कुणी बोलत नाही. माझी भाची पुण्याला नर्स आहे. तिच्याबरोबर एक मिझोरमची मुलगी होती. तिनं सांगितलं की त्यांच्याकडं बाया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात. तो मंडळीचा. गरिबाघरीही ही मूठ निघते, आणि शंभर वर्षांपासून त्यांच्या कामाला हिचा मोठा आधार आहे. भाचीनं हे गुरुवारी सांगितलं. मला वाटलं, काहीतरी नवीन कळलं. तर आत्या म्हणाली, "मूठ तर आपली बी व्हती की. तुजी आजी बाजरीची काढायची, गाडग्यात. मिशनचा पगार लागला तवा बंद झाली."

मी हे ऐकून बराच वेळ गप्प होतो. अँडरसनसाहेब बॉस्टनहून येऊन जे सांगून गेले, ते आमच्या चुलीशेजारच्या गाडग्यात आधीपासून होतं.

अकरा घरांनी मूठ सुरू केली. वर्षाला दोन क्विंटल आणि वर थोडी बाजरी झाली. बाजारात तिचे दोन हजारांच्या आसपास रुपये आले. एवढ्यात कौलं होत नाहीत. ढोलकीला नवं पान चढवलं, ट्यूबलाइट बसवली आणि उरलेले पाळकसाहेबांच्या पेट्रोलला दिले. पाळकसाहेब पैसे घेईनात. म्हातारे म्हणाले, "घ्या साहेब. आजवर तुमी वरून आनलं. हे आमचं हाये." कौलं पुढं तीन वर्षांनी झाली, पुण्या-नगरला असलेल्या आमच्यासारख्यांनी दिलं तेव्हा. पण आधी गाडगं आणि मग आमच्या नोटा, हा क्रम बदलला असता तर आमच्या नोटा पुन्हा मिशनचा पगारच झाल्या असत्या.

शनिवारी रात्री भजन सुरू झालं. पेटी, ढोलकी, टाळ, आणि एक म्हातारा तुणतुणंही घेऊन यायचा. टिळकांचे अभंग पुन्हा निघाले. देवळात कधी न येणारी पोरं ढोलकीपायी आली. त्यातली काही दारू सोडून आली, काही दारू पिऊन आली. म्हातारे म्हणायचे, येऊ द्या. नवरात्रात देवीच्या भजनाला साथ करणारा एक मराठ्यांचा पोरगा आमच्याकडं ढोलकीला बसतो. त्याला कुणी बाप्तिस्म्याचं विचारलं नाही. टिळकांना हे आवडलं असतं असं मला वाटतं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, आमचं देऊळ भरभराटीला आलं. तसं नाही. घरं एकोणीसच आहेत, उलट दोन कमी झाली. पोरं अजून चाकणला, भोसरीला जातात. दाखल्याचा प्रश्न तसाच आहे. ट्रॅक्टरवाला पुतण्या ऊसतोडीच्या दिवसांत रविवार चुकवतो. म्हातारे वारले. अंगणवाडीच्या बाई जरा लांबवतात, लोक जांभया देतात. पाळकसाहेबांची बदली झाली, नवे आले, त्यांना आधी हे सगळं कळेना. मग त्या सुनेनं त्यांना दोन महिन्यांत शिकवलं.

शहरात चर्चच्या नव्या उभारणीवर शिबिरं होतात. निवृत्त झाल्यावर मीही एकदोनदा गेलो. फळ्यावर बाण काढून सांगतात. चांगलं सांगतात. पण खेड्यापुरतं मला समजलं ते एवढंच. आमच्याकडं सेवकाई कधी संपली नव्हती. ती पगाराच्या, पदाच्या आणि पाळकाच्या वाटेकडं डोळे लावून बसली होती. मास्तर होते तोवर मास्तरांवर टाकली, मास्तर गेल्यावर पाळकांवर टाकली, आणि दोघांच्याही मागं जी बाई शेंगा फोडत बसली होती, तिला कुणी विचारलं नाही. पाळक लागतो. प्रभुभोजनाला लागतो, शिकवायला लागतो, आमची भांडणं मिटवायला तर फारच लागतो. पण त्याची वाट बघणं म्हणजे मंडळी नव्हे.

आत्या 2015 च्या उन्हाळ्यात गेली. पाळकसाहेब वेळेवर पोचले, मातीला दोनशे माणूस होतं. विधी पाळकसाहेबांनी केला. मग त्यांनी पुस्तक मिटून त्या पलीकडच्या आळीतल्या सुनेला पुढं बोलावलं. तिनं तेविसावं स्तोत्र पाठ म्हटलं, पुस्तक न उघडता. आत्यानं तिला गुरुवारी गुरुवारी शिकवलं होतं.

मी हल्ली महिन्यातून एक रविवार गावी जातो. माझी पाळी असते तेव्हा मी शास्त्रपाठ वाचतो, हात आता थरथरत नाहीत. त्या सुनेची मुलगी पाचवीत आहे. रूळ तीच वाजवते. तिचा हात पुरत नाही, म्हणून निंबाखाली एक दगड ठेवलाय.